लेखक, पुस्तक आणि लेखनव्यवहार: इंग्रजीतून हंगेरियन शब्द शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शब्द आणि त्यासमोर हंगेरियन प्रतिशब्द, अशी यादी पाठ केली तर काम भागत नाही का?

दुकानातल्या खरेदीपुरतं भागतं. लेखन आणि साहित्य या विषयात मात्र अशी यादी फसवते. लेटर, वर्क, पेपर, कॅरेक्टर, स्टोरी या प्रत्येक इंग्रजी शब्दाचे दोन-तीन अर्थ आहेत आणि हंगेरियनमध्ये त्यांना वेगवेगळे शब्द आहेत. उलट बाजूनेही तेच होतं. एकाच हंगेरियन शब्दाला इंग्रजीत दोन लांबचे अर्थ निघतात.

मराठी माणसाने यादीत इंग्रजीच्या शेजारी मराठीचा तिसरा रकाना करावा, असं आम्ही आवर्जून सांगतो. पुष्कळ ठिकाणी हंगेरियन शब्दाची घडण इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे. मॅन्युस्क्रिप्टला हंगेरियनमध्ये केझिरॉत म्हणतात. यात केझ म्हणजे हात आणि इरॉत म्हणजे लिहिलेला कागद, म्हणजे आपलं हस्तलिखितच. ऑनररियमला तिस्तेलेतदीय म्हणतात. तिस्तेलेत म्हणजे आदर, दीय म्हणजे मोबदला, आपलं मानधन. पुस्तकांच्या दुकानात जिथे इंग्रजी पाटी फिक्शन असते, तिथे हंगेरियन पाटी सेपइरोदॉलोम असते. सेप म्हणजे सुंदर, इरोदॉलोम म्हणजे साहित्य. ललित साहित्य म्हटलं की हा शब्द कायमचा लक्षात राहतो, आणि फिक्शनपेक्षा तो नेमकाही आहे, कारण त्यात कविताही येते.

इथे देवनागरीत दिलेले हंगेरियन शब्द कसे वाचायचे?

आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर द्यावा. शब्द कितीही लांब असला तरी हा नियम बदलत नाही.

लिपी रोमन असली तरी वाचन इंग्रजीसारखं करू नये. एकटा एस आला तर उच्चार श, आणि एस-झेड जोडून आले तर स. इंग्रजी वाचायची सवय असलेल्याची सगळ्यात जास्त चूक इथे होते. जे या अक्षराचा उच्चार य. एल-वाय या जोडीचाही य. जी-वाय या जोडीचा उच्चार द्य आणि ग्य यांच्या मधला; इथे तो द्य असा लिहिला आहे.

सी आणि सी-एस यांचा फरक मराठी तोंडाला आयताच येतो. सी म्हणजे चोर, चाक यांतला च. सी-एस म्हणजे चहा, चार यांतला च. इथे पहिला त्स आणि दुसरा च असा लिहिला आहे. झेडचा उच्चार झोपमधल्या झच्या जवळचा, पण महाप्राण नसलेला. झेड-एस म्हणजे इंग्रजी प्लेझरमधला झ.

स्वर एकूण १४ आहेत. चिन्ह नसलेला रोमन ए (a) म्हणजे ओठ थोडे गोल करून म्हटलेला ऱ्हस्व ऑ, आणि तिरकी रेघ असलेला रोमन ए म्हणजे आपला आ. दोन टिंबांचा ओ हा स्वर मराठीत नाही. मराठी ए म्हणायला जीभ ठेवा आणि जीभ न हलवता ओठ गोल करा, की तो निघतो. दोन टिंबांच्या यूसाठी तसंच ई म्हणताना ओठ गोल करा. या स्वरांना देवनागरीत चिन्ह नसल्याने इथे ओ आणि यू किंवा उ असंच लिहिलं आहे. कोन्यव, कोल्तो, सेर्झो, सेर्केस्तो, तोर्तेनेत या शब्दांतला प्रत्येक ओ असा गोल ओठांचा आहे. ईरो, किऑदो, फोर्दीतो यांतला ओ मात्र आपला साधा ओ. कोन्यव हा शब्द एकाच झटक्यात म्हणायचा, शेवटच्या वमध्ये अ मिसळू द्यायचा नाही.

रायटर, ऑथर, पोएट यांना कोणते शब्द वापरायचे?

रायटर म्हणजे ईरो. ललित लिहिणारा, लेखन हीच ज्याची ओळख आहे असा लेखक. ऑथर म्हणजे सेर्झो. एखाद्या विशिष्ट लेखनाचा कर्ता. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा कर्ता सेर्झो असतो, पण त्याला कोणी ईरो म्हणणार नाही. गाण्याला चाल लावणाऱ्यालाही सेर्झोच म्हणतात, म्हणून ‘या पुस्तकाचा लेखक कोण?’ असा प्रश्न असेल तर सेर्झो आणि ‘ती लेखिका आहे’ असं सांगायचं असेल तर ईरो.

पोएट म्हणजे कोल्तो. नाटककार द्रामॉईरो, पत्रकार ऊयशागईरो. ऊयशाग म्हणजे वर्तमानपत्र, त्यात लिहिणारा तो ऊयशागईरो.

लेखिका आणि कवयित्री यांना वेगळे शब्द आहेत का?

आहेत. नो म्हणजे स्त्री. तो शब्द मागे जोडून ईरोनो, कोल्तोनो होतात. पण ते वापरलेच पाहिजेत असं नाही. हंगेरियनमध्ये व्याकरणिक लिंग अजिबात नाही. तो आणि ती दोघांनाही एकच सर्वनाम, ओ (गोल ओठांचा, दीर्घ). त्यामुळे स्त्रीलाही नुसतं ईरो म्हटलेलं चालतं, आणि व्यवसाय म्हणून उल्लेख करताना पुष्कळ जणी तेच पसंत करतात. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र लेखक की लेखिका हे ठरवावंच लागतं, आणि मूळ परिच्छेदात त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी पुढे-मागे व्यक्तीचं नाव शोधावं. आडनाव सोडून उरणाऱ्या हंगेरियन नावावरून बहुतेक वेळा उलगडा होतो.

आणखी एक: ‘ओ ईरो’ हे पूर्ण वाक्य आहे. तृतीय पुरुषात वर्तमानकाळी ‘आहे’ हे क्रियापद येतच नाही. इंग्रजीच्या सवयीने तिथे वॉन (आहे) घातलं की वाक्य चुकतं.

नॉव्हेल म्हणजे नोवेल्लॉ ना?

नाही. या विषयातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नोवेल्लॉ म्हणजे लघुकथा. कादंबरी म्हणजे रेगेन्य. इंग्रजीत ज्याला नॉव्हेला म्हणतात ती लघुकादंबरी म्हणजे किशरेगेन्य. किश म्हणजे लहान.

ओर्केन्य इश्त्वान (१९१२ ते १९७९) यांच्या अगदी छोट्या कथांचा संग्रह ‘एद्यपेर्त्सेश नोवेल्लाक’ या नावाने १९६८ साली आला. नावाचा अर्थ एका मिनिटाच्या कथा. एक-दीड पानात संपणाऱ्या लेखनाला नोवेल्लॉ म्हटलेलं आहे, एवढं आठवलं तरी कादंबरीशी गल्लत होणार नाही.

कथेसाठी एलबेसेलेश हा आणखी एक शब्द आहे. तो थोड्या ऐसपैस, निवेदनाला महत्त्व असलेल्या कथेला लावतात. सीमारेषा पक्की नाही. मुलांना सांगायची गोष्ट म्हणजे मेशे, लोककथा म्हणजे नेपमेशे. नेप म्हणजे लोक, म्हणजे इथेही मराठी शब्दाचीच जोडणी.

आता स्टोरी. ‘या चित्रपटाची स्टोरी काय?’ यातली घडलेली गोष्ट म्हणजे तोर्तेनेत. त्याच्याच शेजारी तोर्तेनेलेम हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ इतिहास, शाळेतला विषय. दोन्ही शब्द एकाच धातूवरून आले आहेत आणि नवशिक्याच्या लेखनात सतत एकमेकांच्या जागी बसतात. प्लॉट, म्हणजे कथानक, चेलेकमेन्य. पात्र म्हणजे सेरेप्लो, मुख्य पात्र फोसेरेप्लो, आणि नायक म्हणायचं असेल तर फोहोश.

कविता, कडवं, ओळ, यमक यांना काय म्हणतात?

कविता म्हणजे वेर्श. इंग्रजी व्हर्सशी नातं असलं तरी अर्थ पूर्ण कविता असा आहे, कडवं असा नाही. कडवं म्हणजे वेर्श-सॉक. ओळ शोर, यमक रीम. कवितासंग्रहाला वेर्शेशकोतेत म्हणतात (यातला को गोल ओठांचा). काव्य ही कला म्हणायची असेल तर कोल्तेसेत. कवी योझेफ ऑत्तिलॉ यांचा जन्म ११ एप्रिल १९०५चा, आणि त्यांच्या जन्मदिवशी हंगेरीत १९६४पासून काव्यदिन पाळतात. त्याचं नाव ऑ कोल्तेसेत नॉप्यॉ.

एकाच इंग्रजी शब्दाला दोन-दोन हंगेरियन शब्द कुठे कुठे येतात?

वर्क: लेखकाची कृती म्हणजे म्यू, कष्टाचं किंवा नोकरीचं काम म्हणजे मुन्कॉ. ‘या लेखकाचं काम मला आवडतं’ असं इंग्रजी वळणाने म्हणताना मुन्कॉ वापरलं, तर ऐकणाऱ्याला तो कुठेतरी नोकरी करतो असं वाटतं. लेखकाचं आयुष्यभराचं सगळं साहित्य म्हणजे एलेत्म्यू. एलेत म्हणजे आयुष्य.

लेटर: अक्षर म्हणजे बेत्यू, टपालाने येणारं पत्र म्हणजे लेवेल. लेवेलचा दुसरा अर्थ झाडाचं पान. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. बिल्वपत्र आणि टपालाचं पत्र या दोन्हींना एकच शब्द असलेल्या मराठी वाचकाला वाटायचं कारण नाही.

कॅरेक्टर: कथेतलं पात्र सेरेप्लो. छापील चिन्ह, किंवा ‘एवढ्या अक्षरांत उत्तर लिहा’ यातलं मोजायचं चिन्ह, कॉरॉक्तेर. हाच शब्द माणसाच्या स्वभावालाही लावतात.

पेपर: कागद पॉपीर, रोजचं वर्तमानपत्र नॉपिलॉप, संशोधनपर लेख तॉनुलमान्य, विद्यार्थ्याने लिहून द्यायचा निबंध किंवा चाचणी दोल्गोझॉत. नॉपिलॉपवरून आणखी दोन शब्द फुकट मिळतात: साप्ताहिक हेतिलॉप आणि मासिक हॉविलॉप. नियतकालिकासाठी सर्वसाधारण शब्द फोयोइरॉत.

ड्राफ्ट: आराखडा म्हणजे वाझलॉत, कच्चा खर्डा म्हणजे पिस्कोझॉत, आणि सुवाच्य पक्की प्रत म्हणजे तिस्ताझॉत. पिस्कोश म्हणजे मळलेलं, तिस्तॉ म्हणजे स्वच्छ. ईमेलमधल्या न पाठवलेल्या मजकुराच्या फोल्डरवरही पिस्कोझॉतोक हाच शब्द दिसतो.

उलट, एका हंगेरियन शब्दाचे दोन अर्थ कुठे गोंधळ करतात?

बुडापेस्ट, देब्रेत्सेन, सेगेद, पेच इथे शिकायला गेलेल्यांना पहिल्याच आठवड्यात भेटणारा शब्द म्हणजे किऑदो. पुस्तकावर तो दिसला तर प्रकाशक. इमारतीच्या दारावर दिसला तर ‘भाड्याने देणे आहे’. मूळ क्रियापद किऑद, म्हणजे बाहेर देणं. दोन्ही अर्थ त्यातूनच आले आहेत. त्याच क्रियापदाचं किऑदाश म्हणजे पुस्तकाची आवृत्ती, आणि हिशेबाच्या वहीत खर्च.

त्सीम म्हणजे पुस्तकाचं शीर्षक आणि घराचा पत्ताही. सरकारी अर्जावर त्सीम असेल तर तिथे पत्ताच लिहायचा असतो.

ईरो म्हणजे लेखक, आणि ताकही. दुधाच्या कपाटात हा शब्द छापलेली बाटली दिसली तर ती ताकाची आहे. कोल्त म्हणजे खर्च करणं एवढंच कोणी सांगितलं तर ते अपुरं आहे. त्याचे अर्थ पैसे खर्च करणं, कविता रचणं आणि पक्ष्याने अंडी उबवणं असे तीन. म्हणून कोल्तोपेन्झ म्हणजे कवीचे पैसे नव्हेत, हातखर्चाचे पैसे. तोल म्हणजे पेन आणि पीसही. पिसाने लिहायच्या काळाची ती खूण.

ओनेलेत्रॉय्झ हा शब्द नोकरीच्या जाहिरातीत आला तर बायोडेटा, साहित्याच्या चर्चेत आला तर आत्मचरित्र. घडण आत्म, जीवन, चित्र अशी आहे. दुसऱ्याने लिहिलेलं चरित्र म्हणजे एलेत्रॉय्झ. रोजनिशी म्हणजे नॉप्लो, नॉप म्हणजे दिवस.

इरोदॉ आणि इरोदॉलोम हे दोन शब्द दिसायला भावंडं आहेत. पहिला म्हणजे कार्यालय, दुसरा साहित्य.

प्रकाशनसंस्थेत कोणाला काय म्हणतात?

संपादक सेर्केस्तो, मुद्रितशोधक कोर्रेक्तोर. लेक्तोर म्हणजे हस्तलिखित वाचून आशय आणि भाषा तपासणारा. विद्यापीठात परकीय भाषा शिकवायला आलेल्या शिक्षकालाही लेक्तोर म्हणतात. इंग्रजी लेक्चररच्या जागी तो सरसकट वापरू नये.

अनुवादकाच्या बाबतीत तीन शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. फोर्दीतो म्हणजे लेखी भाषांतर करणारा कोणीही. म्यूफोर्दीतो म्हणजे साहित्याचा अनुवादक. म्यू म्हणजे कृती. तोल्माच म्हणजे तोंडी दुभाषा. हंगेरीत मोठमोठ्या कवींनी अनुवाद केले आहेत आणि म्यूफोर्दीतो या शब्दाला मान आहे, त्यामुळे कथा-कवितांचा अनुवाद करणाऱ्याची ओळख करून देताना नुसतं फोर्दीतो म्हणू नये.

पैशांचे शब्द: मानधन तिस्तेलेतदीय, स्वामित्वधन योगदीय, आणि लेखनाचा हक्क सेर्झोई योग. या योगचा आपल्या योगाशी संबंध नाही, अर्थ हक्क किंवा कायदा. दीय हा शब्द पुरस्कारासाठीही येतो: साहित्य पुरस्कार म्हणजे इरोदॉल्मि दीय.

लायब्ररी, बुकशॉप, जुनी पुस्तकं यांसाठी?

ग्रंथालय कोन्यवतार, पुस्तकांचं दुकान कोन्यवेशबोल्त. जुन्या पुस्तकांचं दुकान ऑन्तिक्वारियुम. तिथे जुनी भांडी किंवा घड्याळं मागू नयेत, ती रेगिशेगबोल्तमध्ये मिळतात. संगणकाच्या जुन्या मराठी-इंग्रजी सवयीत ज्याला डिरेक्टरी म्हणतात, तिलाही कोन्यवतार म्हणतात.

पुस्तकाच्या शीर्षकपानावरचा मजकूर कसा वाचायचा?

इंग्रजीतल्या ‘बाय’ला हंगेरियनमध्ये सरळ जोड नाही. शीर्षकपानावर थेट भूतकाळी क्रियापद येतं आणि त्यापुढे नाव. ईर्तॉ म्हणजे ‘लिहिलं’, अर्थात लेखक. फोर्दीतोत्तॉ म्हणजे अनुवाद केला. सेर्केस्तेत्ते म्हणजे संपादन केलं. वालोगॉत्तॉ म्हणजे निवड केली. हा शब्द संकलनांवर दिसतो. यादी करताना अनेकांची गडबड होते ती इथेच: वालोगॉत्तॉपुढचं नाव लेखकाचं समजून नोंद केली जाते.

त्याच्या मागच्या पानावर फेलेलोश किऑदो म्हणजे जबाबदार प्रकाशक, फेलेलोश सेर्केस्तो म्हणजे जबाबदार संपादक, न्योम्दॉ म्हणजे छापखाना. एल्शो किऑदाश पहिली आवृत्ती, माशोदिक किऑदाश दुसरी. अनुक्रमणिकेचा लांबलचक शब्द तॉर्तॉलोमयेद्यझेक. ती पुष्कळदा पुस्तकाच्या शेवटी असते, पुढे सापडली नाही म्हणून पानं गळाली असं समजू नये. प्रस्तावना एलोसो, समारोप उतोसो, प्रकरण फेयेझेत, पान ओल्दॉल.

मराठीतल्या विभक्तिप्रत्ययांचा इथे उपयोग होतो का?

भरपूर. इंग्रजी जिथे शब्दाआधी इन, टू, विथ घालते, तिथे हंगेरियन आपल्यासारखं शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावते. पुस्तकात: कोन्यवबेन. पुस्तकाला: कोन्यवनेक. पुस्तकासह: कोन्यववेल.

नवं काय ते एवढंच, की प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांप्रमाणे बदलतो. लॉपला (लॉप म्हणजे वर्तमानपत्र किंवा पान) बेन लागत नाही, बॉन लागतो: लॉपबॉन. लेखकाला म्हणजे ईरोनॉक, लेखकासह म्हणजे ईरोवॉल. ऑ, आ, ओ, उ असलेल्या शब्दांना ऑचे प्रत्यय. ए आणि गोल ओठांचे स्वर असलेल्यांना एचे प्रत्यय. वेल आणि वॉल यांतला व मागच्या व्यंजनात विरघळतो: तोल अधिक वॉल म्हणजे तोल्लॉल, पेनाने.

मालकी दाखवताना मात्र मराठी सवय बाजूला ठेवावी लागते. आपण लेखकाला ‘चं’ लावतो. हंगेरियन पुस्तकाला खूण लावते: ऑझ ईरो कोन्यवे. पण ‘मला दोन बहिणी आहेत’ या वळणाशी जुळणारी रचना तिथे आहे: नेकेम वॉन एद्य कोन्यवेम, म्हणजे माझ्याकडे एक पुस्तक आहे. नेकेम म्हणजे मला. इंग्रजी हॅव शोधत बसू नये, तसं क्रियापद रोजच्या हंगेरियनमध्ये नाही.

संख्येनंतर अनेकवचन लावायचं नाही. तीन पुस्तकं म्हणजे हारोम कोन्यव.

‘मी पुस्तक वाचतो’ याचे दोन अनुवाद का दिसतात?

कारण कर्म निश्चित आहे की अनिश्चित, यावर क्रियापदाचं रूप ठरतं. कुठलंतरी एक पुस्तक असेल तर ओल्वॉशोक एद्य कोन्यवेत. ते ठरावीक पुस्तक असेल तर ओल्वॉशोम ऑ कोन्यवेत. क आणि म यांची अदलाबदल ही व्याकरणाची चूक आहे, नुसती शैली नाही. ‘अमक्याची कादंबरी’ असं म्हटलं की कर्म निश्चित होतं, म्हणून ‘मी सॉबो मॉग्दॉ यांची कादंबरी वाचतो’ इथे ओल्वॉशोमच.

ईर आणि मेगईर, किऑद आणि मेगयेलेनिक यांत फरक काय?

ईर म्हणजे लिहिणं, मेगईर म्हणजे लिहून पुरं करणं. लिहीत होतो आणि लिहून काढली यांत जो फरक आपल्याला जाणवतो, साधारण तोच. किऑद हे प्रकाशकाने करायचं काम, मेगयेलेनिक हे पुस्तकाच्या बाबतीत घडणं. प्रकाशित करणं आणि प्रकाशित होणं. पुस्तक अमुक साली आलं असं सांगताना दुसरं क्रियापद घ्यावं, आणि तेव्हा मेग हा तुकडा सुटून क्रियापदाच्या मागे जातो. केर्तेस इम्रे यांना २००२ साली नोबेल मिळालं. त्यांच्या पहिल्या कादंबरीबद्दल लिहाल तर: ऑ रेगेन्य १९७५-बेन येलेन्त मेग. ‘१९७५-बेन मेगयेलेन्त’ असं लिहिलं तर वर्षावरचा जोर जातो आणि वाक्य दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर वाटतं.

लेखकांची नावं कोणत्या क्रमाने लिहायची?

हंगेरियनमध्ये आडनाव आधी. पेतोफि शान्दोर यात पेतोफि हे आडनाव. इंग्रजी पुस्तकांत तेच नाव उलटं छापतात, म्हणून एकाच लेखकाच्या दोन नोंदी होतात. २०२५चं नोबेल मिळालेले लेखक हंगेरियनमध्ये क्रॉस्नॉहोर्कॉइ लास्लो, इंग्रजीत लास्लो आधी. मराठीत लिहिताना कोणताही एक क्रम धरा, पण एका लेखात दोन्ही नकोत. परकीयांची नावं हंगेरियन लोक उलटवत नाहीत. रवींद्रनाथ टागोर, जे १९२६ साली बॉलॉतोनफ्युरेदच्या हृदयरोग रुग्णालयात उपचारांसाठी राहिले होते, तिथेही रवींद्रनाथ टागोरच राहतात.

टोपणनावाला आलनेव म्हणतात. आल म्हणजे खोटं, नेव म्हणजे नाव. पेतोफि यांचं जन्मनाव पेत्रोविच होतं, मात्र पेतोफि हे त्यांनी कायमचं घेतलेलं नाव आहे.

प्रबंध लिहिणाऱ्यांनी कोणत्या शब्दांकडे लक्ष द्यावं?

लेखाच्या शेवटी नुसतं इरोदॉलोम किंवा फेलहॉस्नाल्त इरोदॉलोम असेल तर ती संदर्भसूची असते, वैद्यकशास्त्राच्या लेखातसुद्धा. संबंधित विषयावरचं शास्त्रीय लेखन म्हणजे सॉकइरोदॉलोम. तळटीप लाब्येद्यझेत, यात लाब म्हणजे पाय. अवतरण इदेझेत.

अवतरणचिन्ह इंग्रजीसारखं लावू नये. हंगेरियनमध्ये सुरुवातीचं चिन्ह ओळीच्या तळाशी येतं आणि शेवटचं वर. कथेतले संवाद बहुतेक वेळा अवतरणात नसतात, नव्या ओळीवर आडवी रेघ देऊन सुरू होतात. मराठीत अनुवाद करताना ही रेघ ठेवायची की अवतरण वापरायचं, हे पहिल्या पानावरच ठरवून घ्यावं.

दीर्घ ओ आणि दीर्घ यू यांच्या गोल रूपांवर दोन तिरक्या रेघा असतात. जुन्या पश्चिम युरोपीय फाँटमध्ये ती अक्षरं नव्हती, म्हणून जुन्या फायलींत त्या जागी नागमोडी रेघ किंवा टोपी दिसते. ती अक्षरं तशीच उतरवून घेऊ नका, शोधयंत्रात शब्द सापडणार नाही. फोनवर हंगेरियन कळफलक घेऊन मूळ स्वर दाबून धरला की सगळी रूपं समोर येतात. रेघ गाळणंही परवडत नाही: इरॉत म्हणजे कागदपत्र, ईरॉत म्हणजे दुसऱ्याकडून लिहवून घेतो.

छापील शब्दकोशात शब्द सापडत नाही, असं का होतं?

सी-एस, जी-वाय, एस-झेड या जोड्या स्वतंत्र अक्षरं मानल्या जातात. चेलेकमेन्य हा शब्द सीच्या विभागात मधे कुठे नसतो. सीचे सगळे शब्द संपल्यावर सी-एसचा विभाग सुरू होतो. सेर्केस्तोसाठी एस संपल्यानंतरचा एस-झेड पाहावा. दोन टिंबांचे स्वरही वेगळे धरतात, मात्र स्वराच्या केवळ लांबीमुळे क्रम सहसा बदलत नाही.

शब्दकोशांचा विषय निघालाच आहे तर: तिबेटी भाषेचा पहिला मोठा तिबेटी-इंग्रजी कोश एका हंगेरियन माणसाने, कोरोशि चोमॉ शान्दोर यांनी, केला. तो कलकत्त्यात १८३४ साली छापला गेला, आणि त्यांची समाधी दार्जिलिंगला आहे.

शब्द पाठ करायची कार्डं कशी करावीत?

एका बाजूला मराठी अर्थ आणि इंग्रजी शब्द, कंसात संदर्भ: ‘पत्र, टपालाचं’. दुसऱ्या बाजूला हंगेरियन शब्दाची चार रूपं: मूळ, त लागलेलं कर्माचं, अनेकवचनी आणि ‘त्याचं’ या अर्थाचं. कोन्यव, कोन्यवेत, कोन्यवेक, कोन्यवे. चार रूपं लिहिण्याचं कारण असं, की मधला स्वर अंदाजाने ठरवता येत नाही. लॉपचं लॉपोत होतं, पण तोलचं तोल्लॉत. लेवेलमधला दुसरा ए आखूड होऊन लेवेलेत, लेवेलेक. सो म्हणजे शब्द, त्याचं अनेकवचन सॉवॉक. म्यूचं म्यूवेक. ही रूपं पहिल्याच दिवशी घेतली नाहीत तर नंतर प्रत्येक वाक्यात अडायला होतं.

दिवसाला ८ ते १० नवे शब्द पुरेत. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य स्वतः करून मोठ्याने म्हणा, पहिल्या अक्षरावर आघात देऊन. एकमेकांत मिसळणाऱ्या जोड्या, जसं तोर्तेनेत आणि तोर्तेनेलेम, एकाच दिवशी घेऊ नका. पहिला शब्द वाक्यात सहज येऊ लागल्यावर दुसरा घ्या.

सुरुवातीला काय वाचावं आणि कुठे मिळेल?

आधी नेपमेशे. वाक्यं छोटी, शब्द पुन्हा पुन्हा येणारे, आणि गोष्टीचा साचा ओळखीचा. त्यानंतर ओर्केन्य यांच्या मिनिटभराच्या कथा. एका बैठकीत एक कथा पूर्ण होते आणि प्रत्येक शब्द शोधायचा धीर टिकतो. क्रॉस्नॉहोर्कॉइ यांच्यापासून सुरुवात करू नये. त्यांचं एक वाक्य पानंच्या पानं चालतं आणि वर सांगितलेला प्रत्येक प्रत्यय त्यात भेटतो.

हंगेरीचं राष्ट्रीय ग्रंथालय १८०२ साली सेचेन्यि फेरेन्त्स यांनी स्थापन केलं. त्याच्या इलेक्ट्रॉनिक ग्रंथालयात, म्हणजे मॉद्यॉर एलेक्त्रोनिकुश कोन्यवतारमध्ये, जुनी हंगेरियन पुस्तकं मोफत वाचता येतात. छापील पुस्तकं घ्यायची असतील आणि त्या सुमारास बुडापेस्टला असाल तर जूनमधला पुस्तक सप्ताह गाठावा. तो १९२९पासूनचा आहे, त्याचं नाव उन्नेपि कोन्यवहेत. लेखक तिथे मांडवात बसून पुस्तकांवर सही देतात. सही मागायची असेल तर शब्द देदिकालाश.